घागर, नळ, शोषखड्डा: गोदाकाठच्या गावांतील सांडपाण्याचा इतिहास

स्वयंपाक, भांडी, अंघोळ आणि धुणे यांतून घराबाहेर पडणारे पाणी म्हणजे सांडपाणी. शौचालयातील मैलापाणी यात धरत नाहीत. त्याची विल्हेवाट वेगळी आणि धोकेही वेगळे. मराठवाड्याच्या खेड्यांत सांडपाण्याचा प्रश्न फार जुना नाही. डोक्यावरच्या घागरीतून आलेले पाणी सांडायला उरतच नसे. नळाने पाणी दारात आले, तेव्हा ते दाराबाहेर जायला वाट हवी झाली. त्यामुळे गावच्या सांडपाण्याचा इतिहास हा बराचसा गावात पाणी कसे आले याचाच इतिहास आहे.

जालना जिल्ह्यातील अंबड तालुका या इतिहासासाठी नमुन्यादाखल घेता येतो. २०२३ मधील मराठा आरक्षण आंदोलनामुळे राज्यभर माहीत झालेले अंतरवाली सराटी याच तालुक्यात, धुळे-सोलापूर महामार्गावरील वडीगोद्रीजवळ आहे. दक्षिणेला गोदावरी, वर काळी कसदार माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, अशी या पट्ट्याची घडण. पाऊस वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. पाणी जपून वापरण्याची सवय इथे गरजेतून आली आणि सांडपाण्याची जुनी व्यवस्थाही त्याच गरजेतून घडली.

घागरीच्या काळातील व्यवस्था

नळ येण्यापूर्वी गावाला पाणी मिळे ते आड, विहीर, बारव आणि नदीतील झऱ्यांतून. अंबड शहरातील अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखली जाणारी बारव त्या काळच्या पाणवठ्याची भव्य बाजू दाखवते. खेड्यातला पाणवठा साधा असे. धुणे बहुधा नदीवर किंवा ओढ्यावर होई, जनावरे तिथेच धुतली जात, पुरुषांची अंघोळही पुष्कळदा विहिरीवरच उरके. घरात येणारे पाणी पिण्यापुरते, स्वयंपाकापुरते आणि बायकामुलांच्या अंघोळीपुरते.

या पाण्याचा प्रत्येक थेंब दोनदा कामाला येई. तांदूळ, डाळ धुतलेले धोवण जनावरांच्या पुढ्यात जाई. भांडी राखेने घासत. खरकट्यासह भांड्यांचे पाणी परसातल्या केळीच्या, अळूच्या किंवा कर्दळीच्या बुंध्याशी ओतले जाई. न्हाणी म्हणजे परसदारी मांडलेला एक सपाट दगड आणि भोवती कुडाचा किंवा पांढऱ्या मातीच्या भिंतीचा आडोसा. तिथले पाणी एका लहानशा चरीने परसबागेतल्या भाजीला मिळे किंवा उकिरड्यात मुरे. उकिरड्याला ओलावा लागतोच. तो मिळाला की शेणकचरा लवकर कुजे आणि उन्हाळ्यात गाडीने शेतात जाई. माळवदाच्या घरांना लाकडी किंवा दगडी पन्हाळी असत, पण त्यांतून पडे ते पावसाचे पाणी. रोजच्या सांडपाण्यासाठी वेगळी नाली बांधावी इतके पाणी नव्हतेच.

अंग आणि कपडे धुण्यासाठी राख, रिठा आणि शिकेकाई वापरत. हे सारे मातीत सहज कुजणारे पदार्थ होते. साबण-सोडा आला तरी बराच काळ तो बेतानेच वापरला जाई. त्यामुळे त्या काळचे सांडपाणी प्रमाणाने थोडे तर होतेच, पण त्यातला मळही मातीला पचणारा होता.

तरीही ही व्यवस्था निर्दोष नव्हती. पाणवठ्यावर धुणे, अंघोळ आणि पिण्याचे पाणी एकत्र आल्यामुळे रोग पसरत. पायऱ्यांच्या बारवेत माणूस थेट पाण्यात उतरे आणि तिथूनच नारूचा फैलाव होई. नारूग्रस्ताच्या जखमेतून अळ्या पाण्यात जात, सूक्ष्म जलजीव त्या गिळत आणि ते पाणी पिणाऱ्याला पुन्हा नारू होई. महाराष्ट्र हे देशातील नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. दरम्यान कित्येक बारवा पिण्यासाठी बंद झाल्या आणि त्यांची जागा बंद तोंडाच्या विंधनविहिरींनी घेतली.

राजधानीला गटारे, खेड्याला चर

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९०८ मध्ये मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावण्यात आले. पूर अडवणारी धरणे आणि शहरासाठी भूमिगत गटारे, अशी दुहेरी योजना त्यांनी मांडली. म्हणजे सांडपाणी जमिनीखालून वाहून नेण्याचे शास्त्र संस्थानाला ठाऊक होते. ते वापरले गेले राजधानीत. तालुक्याच्या गावात रस्त्याकडेची दगडी गटारे आणि खेड्यात न्हाणीची चर, इतपतच मजल होती.

जमिनीत पाणी मुरवण्याचे तंत्र तर त्याहून कितीतरी जुने. दख्खनमधील सातवाहनकालीन वसाहतींच्या उत्खननांत भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेले शोषकूप आढळतात. अलीकडे सरकारी योजनांतून परतलेला शोषखड्डा हा त्याच कल्पनेचा वंशज आहे.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या सुमारास गावच्या सफाईला कायद्याचा आधार मिळाला. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने गटारे बांधणे आणि गाव स्वच्छ ठेवणे ही पंचायतीची कामे ठरवली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. पण पंचायतीची तिजोरी रिकामी आणि गावात वाहते सांडपाणी कमी, त्यामुळे हे कलम बराच काळ कागदावर राहिले. स्वच्छतेचा खरा आग्रह धरला तो संतांनी. गाडगेबाबा (१८७६-१९५६) गावात शिरले की आधी खराट्याने गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत.

हातपंप: गावातली पहिली सार्वजनिक नाली

१९७२ च्या दुष्काळाने पाण्याचे गणित बदलले. आड-विहिरी आटल्या आणि पाषाण भेदून खोलवर जाणाऱ्या विंधनविहिरींशिवाय गत्यंतर उरले नाही. या घडामोडीत जालन्याचे नाव जगाच्या पाणीपुरवठ्याच्या इतिहासात नोंदले गेले. तोवर वापरात असलेले ओतीव लोखंडाचे पंप एका कुटुंबासाठी बनवलेले होते. गावभराच्या बायकांनी दिवसभर दांडा मारला की त्यांचे सांधे खिळखिळे होत. जालना आणि सोलापूर येथील ख्रिस्ती मिशनच्या पाणी प्रकल्पांत काम करणाऱ्या कारागिरांनी आणि अभियंत्यांनी एकाच सांध्यावर हलणारा भक्कम पोलादी दांडा असलेले पंप घडवले. ‘जालना पंप’ आणि त्यात सुधारणा होऊन आलेला ‘सोलापूर पंप’ ही त्यांची नावे. युनिसेफच्या मदतीने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात तयार झालेला ‘इंडिया मार्क दोन’ हा हातपंप याच परंपरेतून निघाला आणि पुढे आशिया-आफ्रिकेतील अनेक देशांत पोचला.

सांडपाण्याच्या दृष्टीने हातपंपाची महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याचा ओटा. पंपाभोवती सिमेंटचा कट्टा, कडेला उंचवटा आणि सांडलेले पाणी काही अंतरावर नेणारी अरुंद नाली, अशी त्याची रचना ठरलेली होती. नालीच्या टोकाला शोषखड्डा किंवा चार झाडे असावीत, अशी अपेक्षा असे. ओट्याला तडा गेला आणि सांडलेले पाणी पंपाच्या मुळाशी मुरू लागले तर तेच घाण पाणी पुन्हा विंधनविहिरीत उतरे. कित्येक खेड्यांत सांडपाण्यासाठी आखून बांधलेली पहिली सार्वजनिक नाली हीच. सांडलेल्या पाण्याला जायला जागा ठेवली नाही तर ते पिण्याच्या पाण्याकडेच परतते, हा या ओट्याचा धडा होता.

नळ आणि नाली

सत्तरच्या दशकापासून ग्रामीण नळयोजनांना वेग आला. १९७६ च्या कायद्यानुसार राज्यात पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ स्थापन झाले. पुढे त्याचेच महाराष्ट्र जीवन प्राधिकरण झाले. त्याच वर्षी, २४ फेब्रुवारीला, पैठणच्या जायकवाडी धरणाचे लोकार्पण झाले आणि डाव्या कालव्याचे पाणी जालना-परभणीच्या शेतशिवारांकडे वळले. कालव्याच्या पाझराने काही भागांत विहिरींना पाणी टिकू लागले आणि नळयोजनांना उद्भव मिळाला.

त्या काळचा सरकारी मापदंड माणशी दररोज ४० लिटरचा होता. त्याची फोड अशी: पिण्यासाठी ३, स्वयंपाकासाठी ५, अंघोळीसाठी १५, भांडी व घर धुण्यासाठी ७ आणि शौचासाठी १० लिटर. पाणी कशाकशासाठी लागणार याचा हा चोख हिशेब होता. वापरून झालेल्या पाण्याचे काय, हा विषय मात्र नळयोजनेच्या अंदाजपत्रकाबाहेर राहिला. टाकी, जलवाहिनी आणि नळ एका योजनेतून येत. नाली ग्रामपंचायतीने सवडीने बांधायची.

परिणाम गल्लीत दिसू लागला. परसबागा आकसल्या, परसात खोल्या उठल्या, जनावरे कमी झाली. धोवण घ्यायला गोठ्यात म्हैस उरली नाही आणि न्हाणीचे पाणी घ्यायला केळ उरली नाही. न्हाणीची जागा फरशीच्या मोरीने घेतली आणि मोरीचा पाइप रस्त्याकडे निघाला. ऐंशीच्या दशकात स्वस्त धुण्याची पावडर खेड्यापाड्यांत पोचली, तसे सांडपाण्यात फेस, सोडा आणि फॉस्फेट वाढले. कपडे नदीऐवजी अंगणातल्या नळावर धुतले जाऊ लागले.

आधी पाणी मातीच्या चरीतून वाहिले, मग वित्त आयोगाच्या आणि आमदार-खासदार निधीतून सिमेंटच्या उघड्या नाल्या झाल्या. नाली बांधणे सोपे. तिला सलग उतार देणे अवघड. रस्त्यावर दर काही वर्षांनी काँक्रीटचा नवा थर चढला की नाली खाली राहते आणि घरे त्याहून खाली. उतार तुटला की पाणी थबकते, गाळ बसतो आणि त्यावर प्लॅस्टिक तरंगू लागते. शिवाय नाली कुठे संपते हा प्रश्न उरतोच. अनेक गावांत तिचे तोंड गावाच्या उतरत्या अंगाला, म्हणजे गावकुसाबाहेर ढकललेल्या वस्तीच्या दारात किंवा ओढ्यात उघडले. वरच्या आळीची घाण खालच्या आळीने सोसायची आणि नालीतला गाळ ठरावीक जातींच्या माणसांनीच उपसायचा, ही जुनी विषमता सिमेंटच्या नालीने पुसली नाही. तिला पक्के बांधकाम मिळाले.

मोहिमांचा काळ

२०००-०१ मध्ये आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गावागावांत स्पर्धा लागली, तपासणीच्या आदल्या दिवशी गल्ल्या झाडून निघाल्या आणि सांडपाण्याच्या व्यवस्थेलाही गुण मिळू लागले. पाठोपाठ केंद्राचा निर्मलग्राम पुरस्कार आला. २ ऑक्टोबर २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानाचा सारा भर शौचालयांवर गेला आणि एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला.

शौचालयांच्या कामात महाराष्ट्राची स्वतःची परंपरा होती. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे खत करणारा ‘गोपुरी संडास’ रूढ केला. १९५९ मध्ये देहूच्या दवाखान्यात रुजू झालेल्या डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी शौचालयाला बायोगॅसची जोड दिली आणि गावाला पटवत अनेक दशके तेच काम केले; २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. घाण दूर वाहून न नेता जागच्या जागी जिरवायची आणि तिचा उपयोग करायचा, हे सूत्र दोघांनीही धरले.

२०१९ मध्ये जलजीवन मिशनने माणशी ५५ लिटरचा मापदंड धरला आणि घरोघरी नळाचे उद्दिष्ट ठेवले. घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ६५ ते ७० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे धरतात. म्हणजे माणशी रोज सुमारे ३६ लिटर. तीन हजार वस्तीच्या गावात हे प्रमाण दिवसाला लाखभर लिटर होते. पाण्याचे दहा हजार लिटरचे दहा टँकर रोज गल्लीत ओतावेत इतके. त्यामुळे स्वच्छ भारत अभियानाच्या २०२० नंतरच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्याला प्रथमच स्वतंत्र निधी मिळाला: पाच हजारांपर्यंतच्या लोकसंख्येच्या गावाला माणशी २८० रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या गावाला ६६० रुपयांपर्यंत. २५ ऑगस्ट २०२१ पासून ‘सुजलाम्’ मोहिमेत देशभर दहा लाख शोषखड्ड्यांचे लक्ष्य ठेवले गेले.

टेंभुर्णीचा खड्डा

‘सुजलाम्’ मोहिमेच्या आधीच मराठवाड्यातील एका गावाने स्वतःचे उत्तर शोधले होते. नांदेड जिल्ह्याच्या हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णीने नाली बांधण्याऐवजी घराघरापुढे शोषखड्डे घेतले आणि गल्लीत वाहणारे पाणीच बंद केले. उघडे पाणी नाहीसे झाले तसे डास कमी झाले. २०१५-१६ च्या सुमारास नांदेड जिल्हा परिषदेने रोजगार हमी योजनेतून हीच पद्धत जिल्हाभर नेली आणि ती ‘मॅजिक पिट’ किंवा ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

खड्ड्याची रचना साधी आहे. सुमारे चार फूट लांब, तितकाच रुंद आणि तितकाच खोल खड्डा खणतात. मधोमध सिमेंटची उभी टाकी ठेवतात. तिच्या वरच्या अंगाला चारी बाजूंनी भोके असतात. टाकीभोवतीची जागा दगडांनी भरतात, तळाशी मोठे आणि वर लहान. मोरीचा पाइप टाकीत सोडतात. पाणी टाकीत आले की खरकटे, वाळू आणि केस तळाशी बसतात. वरचे पाणी भोकांतून दगडांत उतरते आणि मातीत मुरते. दगडांवर जंतूंचा बुळबुळीत थर चढतो आणि पाण्यातला सेंद्रिय मळ खातो. खड्ड्यावर गोणपाट आणि माती पसरतात. टाकीचे झाकण तेवढे उघडता येते. काही महिन्यांनी झाकण काढून टाकीतला गाळ उपसायचा, एवढेच काम उरते. साध्या शोषखड्ड्यात गाळ थेट दगडांत शिरून खड्डा तुंबतो. इथे टाकी तो अडवते.

गोदाकाठच्या काळ्या मातीत हे तंत्र जसेच्या तसे चालत नाही. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी आत घेईनाशी होते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात तेव्हा तेच पाणी भेगांतून वाट काढते. खड्डा मातीचा थर ओलांडून मुरमापर्यंत पोचला तरच तो चालतो. जिथे काळीचा थर जाड आहे, तिथे खड्डा खोल घ्यावा लागतो किंवा परसबागेत पाणी पसरवणे अधिक फायद्याचे ठरते. उलटपक्षी, खड्डा फार खोल नेऊन पाणी सरळ भूजलाला भिडवणेही घातक. तळ आणि भूजलपातळी यांत किमान दोन मीटर मातीचा थर राहावा आणि विहीर किंवा हातपंप दहा-पंधरा मीटर तरी लांब असावा, असा दंडक आहे. भेगाळलेल्या पाषाणात पाणी अनपेक्षित दिशेने धावते, म्हणून इथे अंतर जास्त ठेवलेले बरे.

नालीच्या टोकाची प्रक्रिया

दाट वस्तीत प्रत्येक दारी खड्ड्याला जागा नसते. अशा गावांत नालीचे पाणी एकत्र करून टोकाला शुद्ध करावे लागते. त्यासाठी विजेवर चालणारी यंत्रणा गावाला परवडत नाही. सूर्यप्रकाश आणि वनस्पतींवर चालणाऱ्या पद्धतीच टिकतात. १९५८ मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या आणि १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने भारतीय हवामानासाठी स्थिरीकरण तळ्यांचा अभ्यास केला. मीटर-दीड मीटर खोलीच्या उथळ तळ्यात पाणी काही दिवस साठते. शेवाळ प्रकाशात प्राणवायू सोडते आणि त्यावर जगणारे जंतू मळ खातात. ऊन भरपूर असलेल्या मराठवाड्याला ही पद्धत मानवते. नीरीनेच विकसित केलेल्या ‘फायटोरिड’ पद्धतीत पाणी खडी आणि कर्दळीसारख्या झाडांच्या मुळांतून संथ वाहते. परसातल्या न्हाणीजवळची कर्दळ इथे गावाच्या टोकाला, मोजमाप घेऊन परतलेली दिसते. दोन्ही पद्धतींना तोंडाशी जाळी आणि गाळाचा हौद लागतो. तो न उपसल्यास तळे वर्षा-दोन वर्षांत डबके होते.

पर्यावरणातील वाटा

उघड्या नालीतील क्युलेक्स डास उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत अंड्यातून बाहेर येऊन उडू लागतो. हत्तीरोग पसरवतो तो हाच. पाणी मुरवले की त्याचे पाळणाघर जाते. डेंग्यूचा डास मात्र साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, म्हणून शोषखड्ड्यांसोबत हौद-रांजणांचा आठवड्याचा कोरडा दिवसही पाळावा लागतो.

ओढ्यात सोडलेल्या सांडपाण्यातील नत्र आणि फॉस्फरस खालच्या बंधाऱ्यांत आणि पुढे गोदावरीच्या डोहांत शेवाळ आणि जलपर्णी पोसतात. ती कुजली की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. हेच घटक मातीत गेले तर पिकाला खत ठरतात. भूजलाच्या बाबतीत धोका मुख्यतः मैल्याकडून येतो. चुकीच्या जागी घेतलेल्या शौचालयाच्या खड्ड्यातून नायट्रेट विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि ती ओलांडली की तान्ह्या बाळांना अपाय होतो. म्हणून सांडपाण्याचा खड्डा आणि शौचालयाचा खड्डा वेगळे ठेवतात आणि शौचालयाला आळीपाळीने वापरायचे दोन खड्डे देतात. एक भरला की दुसरा सुरू करायचा. पहिल्यातला मैला वर्ष-दीड वर्षात सोनखत होऊन हाताळण्याजोगा होतो.

पाण्याच्या ताळेबंदातही सांडपाण्याला जागा आहे. तीन हजार वस्तीच्या गावाचे रोजचे लाखभर लिटर सांडपाणी वर्षाला पावणेचार ते चार कोटी लिटर होते. ते सगळे भूजलाला मिळत नाही. काही मातीत धरले जाते, काही झाडे पितात, काही उडून जाते. तरी दुष्काळी पट्ट्यात, उसासाठी आणि मोसंबीसाठी विंधनविहिरी हजार फुटांकडे जात असताना, हा पुरवठा वर्षभर खात्रीने मिळणारा आहे. पावसाप्रमाणे तो खंडत नाही, कारण गाव रोज पाणी वापरते.

आता स्वच्छ भारत अभियानाच्या ‘हागणदारीमुक्त अधिक’ या दर्जात गावांचे उदयमान, उज्ज्वल आणि उत्कृष्ट असे तीन टप्पे आहेत; सांडपाण्याची व्यवस्था झाल्याखेरीज शेवटचा टप्पा मिळत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील ठरावीक वाटाही पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. बांधकामाला पैसा मिळतो. टाकीतला गाळ उपसण्याचे आणि नालीचा उतार राखण्याचे काम मात्र त्या-त्या घराकडे आणि ग्रामपंचायतीकडेच राहते.